सात पाण्यांचा झब्बा

आमच्या घरात धुणं मी धुतो. हे वाक्य मी कचेरीत, लग्नकार्यात, अगदी सासुरवाडीतसुद्धा मान ताठ ठेवून म्हणतो. पुरुष हसतात, बायका माझ्या बायकोकडे बघतात. बायको सकाळी सात वाजता हिंजवडीला जाणारी कंपनीची बस पकडते आणि परतते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. मी कसब्यातून चालत दहा मिनिटांत शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या कार्यालयात पोचतो, लेखनिक आहे. ज्याला वेळ आहे त्याने बादली उचलावी, यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मात्र बरीच वर्षं मी ज्याला धुणं म्हणत होतो ते म्हणजे मशीनमध्ये कपडे कोंबणं, वर झाकणभर निळं लिक्विड ओतणं आणि बटण दाबणं. खरं धुणं मी शिकलो ते मुलीच्या मानेमुळे.

बारावीची परीक्षा संपल्या संपल्या मुलीने ढोल-ताशा पथकात नाव घातलं. पुण्यात राहून पोर पथकात जाणार नाही अशी आशा मीही धरली नव्हती. दोन महिने रोज संध्याकाळी नदीकाठी सराव. बोटांना चिकटपट्ट्या, कमरेला ढोलाच्या दोरीचे वळ, आणि तक्रार एका अक्षराची नाही. जी मुलगी जन्मात कुठे वेळेवर पोचली नाही ती सरावाला पंधरा मिनिटं आधी हजर असायची. गणपती आले, तिने पांढरा झब्बा-सलवार घातला, केशरी फेटा बांधला आणि मिरवणुकीत पाच तास ढोल वाजवला. घरी आली तेव्हा तिची मान मागून सोलल्यासारखी लाल झाली होती. काखेजवळ, कोपराच्या आत, जिथे जिथे घामाने कापड चिकटलं होतं तिथे तिथे चट्टे उठले होते. दुसऱ्या दिवशी त्यांतून पाणी यायला लागलं. विसर्जनाच्या मिरवणुकीला ती गेली नाही. खिडकीचं दार लावून घेऊन बसली, कारण ढोल आमच्या घरात ऐकू येतात.

त्वचेच्या डॉक्टर बाईंनी मान पाहिली, आम्ही बरोबर नेलेला झब्बा हुंगला आणि विचारलं, "धुणं कोण धुतं?"

"मी," मी नेहमीच्या सवयीने अभिमानाने म्हणालो.

"मग तुमच्यामुळे," बाई म्हणाल्या. पावडर, लिक्विड, वासाची बाटली, सगळ्यांचा थोडा थोडा अंश कापडात राहतो, घाम आला की तो अंगाला लागतो, काहींना सोसतो, काहींना नाही. "मलम देते. पण ते रोज लावत बसायचं नसेल तर कपड्यांत काय घालता ते बदला."

घरी येताना बायको म्हणाली, "पथक पुरे." मी म्हणालो, "पुढच्या गणपतीपर्यंत वर्ष आहे. मी बघतो." मला काय बघायचं ते माहीत नव्हतं. पण 'तुमच्यामुळे' हा शब्द मला चांगलाच झोंबला होता.

दुसऱ्याच दिवशी मी काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. रिठ्याचा फेस होतो एवढं ऐकून होतो.

"रिठे पाहिजेत," मी म्हणालो.

"कशाला?" दुकानदाराने वर न बघता विचारलं. आमच्याकडे दुकानदार आधी गिऱ्हाइकाची परीक्षा घेतात, मग माल देतात.

"कपड्यांना."

आता त्याने वर बघितलं. "बरोबर. केसांना असते तर आपण आलाच नसता." माझ्या डोक्यावर फारसं काही नाही, हे त्याने एका नजरेत टिपलं होतं. "बिया काढून घ्या. भिजवा, उकळा, गाळा. आणि आठ दिवसांनी तक्रार घेऊन येऊ नका, रिठा म्हणजे पावडर नव्हे."

मी अर्धा किलो रिठे घेऊन घरी आलो आणि उकळायला सोयीचं म्हणून कुकरमध्ये घातले. दोन शिट्ट्या केल्या. झाकण उघडल्यावर काय फेस आला म्हणून सांगू! मी मुलीला हाक मारून बोलावलं, आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून त्या फेसाकडे बघत राहिलो. मग मी कुकर घासला, माझ्या मते स्वच्छ घासला, आणि जागेवर ठेवला. सकाळी बायकोने त्यातच डाळ लावली. डबा भरण्याआधी चमचाभर वरण जिभेवर ठेवलं आणि बेसिनकडे धावली. रिठ्याची कडू चव ज्याने घेतली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. बस निघायला दहा मिनिटं होती. तिने तोंड धुतलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारातून म्हणाली, "हा कुकर आता कपड्यांचा. मला नवा आण." आणला. जुना कुकर आजही बाथरूमच्या फळीवर आहे.

पण रिठ्याने काम केलं, हे मान्य करायला हवं. टी-शर्ट, ओढण्या, उशांचे अभ्रे सगळं मी त्या तपकिरी पाण्यात बुचकळून काढू लागलो. महिन्याभरात चट्टे बसले. दोन महिन्यांत मलम बंद झालं. झालं, मला चढली. भेटेल त्याला मी रिठ्याचं महत्त्व सांगू लागलो. शाळेतल्या शिक्षकांना सांगितलं, बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांना सांगितलं, एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या काकांना अर्धा तास सांगितलं. फ्रिजवर 'रिठ्याने धुण्याची पद्धत' असा कागद चिकटवला, आठ कलमी. नातेवाइकांना दिवाळीच्या फराळाबरोबर रिठ्याच्या पुड्या दिल्या, आणि त्यांपैकी एकाही घरातून मला आजवर परत फोन आलेला नाही.

पुढचा पावसाळा आला, सराव सुरू झाला. मान स्वच्छ होती. दर आठवड्याला एक सराव पूर्ण पोशाखात झाला, दरवेळी घामाने चिंब झालेला झब्बा मी रिठ्याच्या पाण्यात धुतला. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल, पण माझ्या काही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते गणपतीच्या आधी आठ दिवस. त्यांच्या पथकात पोशाखाची तपासणी असते. सगळ्यांना रांगेत उभं करतात आणि पथकप्रमुख ताई, ही स्वतः इंजिनिअरिंगला असलेली, तुळतुळीत केस बांधलेली मुलगी, एकेकाचा झब्बा बघत जाते. आमच्या मुलीपाशी ती थांबली. "रांग एकसारखी पांढरी दिसली पाहिजे. तुझा झब्बा चहात बुडवल्यासारखा दिसतोय," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापर्यंत पांढरा करून आण. नाहीतर पहिल्या रांगेतून मागे जा." पहिल्या रांगेत यायला मुलीला दोन मोसम लागले होते.

तिने घरी येऊन झब्बा पलंगावर पसरला आणि शेजारी माझा बनियन ठेवला. बनियन मी अजून मशीनमध्ये, पावडरीत धूत होतो. दोन्हींतला फरक आंधळ्यालाही दिसला असता. रिठ्याचा रंग सुताने दर खेपेला थोडा थोडा पिऊन घेतला होता.

बायको म्हणाली, "अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास तू, आणि बरोबर तिच्या झब्ब्यालाही केलंस."

"बाबा, एकदाच पावडरने धू ना," मुलगी म्हणाली. "एकच दिवस. मी सहन करीन."

"मुळीच नाही," बायको म्हणाली. "नवा झब्बा आणला तरी तो धुवावाच लागणार, आणि दहा दिवसांत चार वेळा धुवावा लागणार. मी स्पष्ट सांगते. परत तशी मान घेऊन आलीस तर ढोल कायमचा बंद. मागच्या वर्षी तुझ्या उशीला पू लागलेला मी बघितलाय."

दोघीही बरोबर होत्या, हीच पंचाईत होती. पावडर वापरली तर मान जाणार आणि मानेबरोबर ढोल. नाही वापरली तर पहिली रांग जाणार. आणि या सगळ्याच्या मध्यभागी मी आणि माझी आठ कलमं. मी तो फ्रिजवरचा कागद काढला. मला माझी लाज वाटली. जगाला शहाणपण वाटत फिरलो आणि घरातल्या एका झब्ब्याकडे माझं लक्ष नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाले काका असतात. सत्तरीच्या पुढचे, तरुणपणी घाटावर भट्टी लावून कपडे धुणारे. त्यांच्या टेबलाशी मी पंधरा वर्षं रोज उभा राहिलो, इस्त्रीचे कपडे दिले-घेतले, रिठ्यावरही भाषण दिलं. ते ऐकून घेत होते. पण कपडे कसे धुवावेत हे त्यांना विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. लिहिता-वाचता माणूस आपण, परिटाला काय विचारायचं, असं मनात कुठेतरी असणार. आता झब्बा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चिमटीत कापड धरून पाहिलं. "साहेब, रिठा रेशमाला. शालूला, शालीला. सुताला त्याचा काय उपेग न्हाई."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तुम्ही सांगत व्हता की," ते म्हणाले आणि इस्त्रीतले निखारे हलवले. "मधी कसं बोलायचं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं आणि मी पहिल्यांदाच नुसतं ऐकलं. धुण्याचा सोडा आणायचा, खायचा नव्हे. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात मूठभर टाकायचा, झब्बा त्यात अर्धा तास मंद आचेवर ठेवायचा आणि लाकडाने खालीवर करायचा. "जर्मनच्या, आलुमिनच्या भांड्यात घालू नका, काळं पडंल. स्टीलचं घ्या. मग पाण्यातनं काढा. लई काढा. सोडा ऱ्हायला तर पावडरीपेक्षा वाईट, चामडी खाईल. आणि मग ऊन."

"सोडा गेला हे कळणार कसं?"

"बोटाला बुळबुळ लागत न्हाई. हाताला कळतं."

त्यांच्या हाताला कळत असेल. माझ्या हाताला फायली कळतात. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मुलीचा चेहरा बदलला. "बाबा, हळद!" ती म्हणाली. वरणाच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे कुठल्या घराला माहीत नाही? सोड्यानेही होतो. शाळेत त्यांनी हळदीचे कागद करून हा प्रयोग केला होता. तिने वहीचा एक कोरा कागद घेतला, हळद कालवून त्यावर फासली, पंख्याखाली वाळवला आणि कात्रीने बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. पट्टी लाल झाली तर पाण्यात सोडा आहे. पिवळीच राहिली तर गेला.

रविवारी सकाळी आम्ही भट्टी लावली. स्टीलचं मोठं पातेलं, ज्यात दिवाळीला चिवडा करतो ते, गॅसवर चढवलं. बायको खुर्ची घेऊन दारात बसली, कुकरच्या प्रकारानंतर ती मला स्वयंपाकघरात एकटं सोडत नव्हती. सोड्याचं पाणी उकळलं, झब्बा आत गेला, आणि पाच मिनिटांत पाणी चहाच्या रंगाचं झालं. इतक्या सरावांचा रिठा आणि घाम बाहेर येत होता. मी पोळपाटावरच्या जुन्या लाटण्याने झब्बा खालीवर करत होतो. माझी ऐट त्या पाण्यात उतरत होती, आणि खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं.

मग पाणी. पहिल्या पाण्यात पट्टी बुडवली, कुंकवासारखी लाल. दुसऱ्या पाण्यात लाल. तिसऱ्यात विटकरी. चौथ्यात मी म्हणालो, "झाली की पिवळी." मुलगी म्हणाली, "नाही. कडेला बघ." पाचव्यात कडा राहिली. सहाव्या पाण्यातून काढलेली पट्टी तिने खिडकीतल्या उजेडात धरली, उलटसुलट केली आणि माझ्या हातात दिली. शुद्ध पिवळी. तरी राहिलेला कण जावा म्हणून त्या पाण्यात झाकणभर व्हिनेगर घातलं आणि मग सातवं साधं पाणी.

"झब्ब्याला चायनीजच्या गाडीचा वास येतोय," बायको म्हणाली.

"वाळला की जाईल," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

वाळण्याचंच अवघड होतं. भाद्रपद तोंडावर, आभाळ गच्च. झब्बा दोन दिवस घरात दोरीवर पंख्याखाली लटकला. वास गेला, पण पांढरेपणा पुरता आला नाही. पिवळेपणाची एक छटा कॉलरला धरून होती. पी हळद आणि हो गोरी, असं धुण्यात चालत नाही, ऊन लागतंच. मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन आभाळ बघून येऊ लागलो.

ऊन पडलं ते गणपती यायच्या दोन दिवस आधी, अकरा वाजता, मी कचेरीत असताना. टेबलावर पट्टा पडला. मी उठलो आणि सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो.

"सर, अर्धी रजा हवी."

"कारण?"

खोटं सांगता आलं असतं. पोट, दात, गॅसचा माणूस, पुष्कळ कारणं असतात. मी म्हणालो, "ऊन पडलंय. मुलीचा झब्बा वाळत घालायचाय."

त्यांनी चष्मा काढला. "अर्जात काय लिहिणार आपण? ऊन?"

"हो."

"लिहा," ते म्हणाले. "आणि ढग आले तर परत या."

तो अर्ज शाळेच्या फायलीत आहे. कारण : ऊन. खाली माझी सही.

घरी धावत गेलो. झब्बा पुन्हा ओला केला, कॉलरला आणि काखेला लिंबू चोळलं, गच्चीवर नेऊन सरळ पसरला आणि शेजारी टाकीच्या सावलीत बसून राहिलो. कापड सुकत आलं की पाणी शिंपडायचो. तीन तास. कबुतरं हाकलली, ढग आला की उभा राहून त्याच्याकडे रागाने बघितलं. चारच्या सुमाराला लिंबू धुऊन काढलं, झब्बा वाळवला आणि काकांकडे इस्त्रीला नेला. काकांनी तो उलगडला, कॉलर बघितली, नखाने शिवण बघितली. "भट्टीचं काम हाय," ते म्हणाले. मला शाळेच्या परीक्षेत एवढे गुण कधी मिळाले नव्हते.

गणपतीच्या दिवशी मुलगी पहिल्या रांगेत उभी होती. पथकप्रमुख ताईने झब्बा पाहिला आणि मान हलवून पुढे गेली, एवढंच. मी आणि बायको रस्त्याच्या कडेला गर्दीत उभे होतो. ताशा कडाडला आणि चाळीस ढोल एकदम पडले, छातीत पडले. आमच्या पोरीचा हात जो वर जात होता आणि जो खाली येत होता, त्यात कुठे घाई नव्हती, कुठे भीती नव्हती. शेजारचा एक अनोळखी माणूस म्हणाला, "ती पहिल्या रांगेतली, डावीकडची, काय वाजवते!" मी त्याला 'आमची आहे' असं सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर रडलो असतो.

पण बायको हातांकडे बघत नव्हती, ती मानेकडे बघत होती. पथक पुढे सरकलं तसे आम्ही कडेकडेने चालत राहिलो, तो माणूसही आमच्याबरोबर. एक तास, दोन तास, चार तास. मधूनच पावसाची सर आली, मग ऊन, मग घाम. झब्बा अंगाला चिकटला होता. मागच्या वर्षी इथपर्यंतच सगळं ठीक होतं. चौकात पथक थांबलं, पोरं पाणी प्यायला लागली, तशी बायको गर्दीतून वाट काढत तिच्याकडे निघाली. मी मागोमाग गेलो. आता काय दिसेल यावर त्या पोरीचं सगळं अवलंबून होतं, आणि ते मी धुतलेलं होतं.

मुलीने आईला बघितलं. ढोल कमरेला तसाच ठेवून तिने पाठ फिरवली, मान खाली घातली आणि बोटाने कॉलर मागे ओढली. बायकोने फेट्याचा मानेवर लोंबणारा शेमला बाजूला केला. घाम होता, पावसाचं पाणी होतं. तिने पदराने मान टिपली आणि अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मान साधी होती. लहानपणी न्हाऊ घातल्यावर असायची तशी, कुठेही काही नसलेली.

पुढून ताशाची काडी वाजली. पोरं ढोल सावरायला लागली.

बायकोने कॉलर सरळ केली, पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाली, "जा, वाजव. थांबलेत तुझ्यासाठी." मुलगी पळाली. मग बायको माझ्याकडे वळली. सतत टोमणे मारणारी ही बाई भर चौकात माझे दोन्ही हात हातात घेऊन उभी राहिली. सोड्याने माझी बोटं खडबडीत झाली होती, तिने ती तशीच धरून ठेवली आणि शेजारच्या त्या अनोळखी माणसाला, ढोलांच्या आवाजावर ओरडून, सांगितलं, "ती आमची मुलगी. आणि तिचं धुणं हे धुतात."